आवडाबाईचं घर कुणाच्या नावावर?

माळखारात सोनाबाई सुईण समोरून येताना दिसली, की कामाची माणसं बांधावरून पलीकडं उतरायची. बाई वाईट नव्हती हो, सोन्यासारखी होती. पण तिला प्रश्न फार! टपालवाला आला तर त्याला ओट्यावर बसवून विचारणार, तिकिटावरचा हा राजा एकाच बाजूला तोंड करून का बसलाय, आणि ज्याच्या नावाचं पत्र तो मेला असला तर ते तू कुणाच्या हातात देणार? बिचाऱ्याला वाटायचं, एकदा सांगून टाकलं की सुटलो. कसला सुटतोय! एका उत्तराच्या पोटातून तिचे चार प्रश्न निघायचे. गावकर धर्माजी म्हणायचा, "ही पोटातल्या पोरालापन इचारत आसंल, का रं बाबा, पायाळू का येतोस म्हनून."

विचारतही असेल, काय नेम! पण नागावच्या नारळीच्या वाड्यांपासून खाली खाडीपर्यंत कुठंही बाई अडली, की गाडी जोडून माणूस यायचा तो सोनाबाईकडं. कुणब्याची, आगऱ्याची, कोळ्याची, मुसलमानाची, तिला सगळ्या सारख्या. बाविसाव्या वर्षी नवरा मचव्यावरून पडून गेला, दिरांनी चूल वेगळी करून दिली आणि थोड्या दिवसांनी चुलीची जागाही मागून घेतली. सासूकडून शिकलेली सुइणीची विद्या तेवढी तिच्यापाशी राहिली. ती काही कुणाला काढून घेता आली नाही.

तिला आसरा दिला आवडाबाईनं. ही आवडाबाई म्हणजे गावातली मोठी असामी. नवऱ्याबरोबर मुंबईला गेली, तो वारला तरी परत आली नाही, परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात बॉबिनी भरत राहिली. बारा वर्षं! एक मूल झालं होतं, ते चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत जन्मतानाच गेलं. त्या दुःखाबद्दल ती बोलत नसे. पण गाठीला पगार बांधून गावी आली तेव्हा तिनं रस्त्याच्या कडेला मंगलोरी कौलांचं चार खणांचं घर बांधलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात शेजारची एक पोर गळक्या झोपडीत कळा देताना पाहून तिला हाताला धरून आपल्या माजघरात आणलं. तिथून जी सुरुवात झाली ती झाली. कोरडी जमीन, उजेडाची खिडकी, गरम पाणी, आणि मागच्या पडवीत राहणारी सोनाबाई. गाव त्या घराला बाळंतघर म्हणायला लागलं. रस्त्याकडचे दोन खण आवडाबाईनं एका गुजराती नारळवाल्याला भाड्यानं दिले होते. त्या भाड्यात बाळंतिणींचं तेल, तांदूळ आणि जुनेर भागायचं. अशी एकोणीस वर्षं गेली.

आणि मग बत्तीस साली, भात झोडून झाल्यावर, आवडाबाईच्या पायांवर सूज चढली. ती काही उतरेना.

सूज चढल्याची बातमी तळा गावापर्यंत कशी पोचली कोण जाणे. आवडाबाईच्या दिराचा मुलगा चांगदेव तिकडं राहायचा. एकोणीस वर्षांत काकीला तोंड दाखवलं नव्हतं, तो एका सकाळी हजर झाला. काकीची विचारपूस केली दोन वाक्यांत, आणि मग घराभोवती पावलं टाकत फिरायला लागला. सोनाबाई मागच्या दारी भांडी घाशीत होती.

"काय मोजतोस रं?" तिनं विचारलं.

"काकाचं घर मोजतोय."

"काकाचं? ह्यो पाया घालायच्या आधी सात वरसं तुझा काका वारला. त्यानं कवा बांधला?"

 चांगदेवानं मागच्या भिंतीपर्यंत मोजलं आणि पडवीकडं बोट दाखवून म्हणाला, "काकी गेली की ह्ये खाली करायचं. समजलं?"

 सोनाबाईला स्वतःच्या पडवीची भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी आत सदा गुरवाची भावजय पोटाला हात धरून फेऱ्या मारत होती. तिला ह्या घरातून कुठं न्यायचं?

गावकी बसली. गावकी म्हणजे वाघजाईच्या देवळापुढं बसलेले घरटी एक पुरुष. बायका तिथं बसत नसत. सोनाबाई विहिरीवर कळशी घेऊन तासभर एकच दोर ओढत उभी राहिली, म्हणजे सगळं ऐकू आलं. आवडाबाईचा निरोप धर्माजीनं सांगितला: मी जिवंत आहे तोवर घर गावाच्या हवाली करून घ्या, बाळंतघर चालू राहू द्या. सगळे खूश. प्रश्न एवढाच, की कागदावर नाव कुणाचं? धर्माजीचं घालावं तर वरच्या आळीच्या अंबाजीला पोटदुखी, अंबाजीचं घालावं तर धर्माजीच्या खालच्या आळीला. मग माळखारात जे नेहमी होतं तेच झालं. गावजेवणाची मोठी भांडी कुणाची? वाघजाईची. ढोल कुणाचा? वाघजाईचा. तिठ्यावरचा फणस वाघजाईचा, खाडीची होडी वाघजाईची. देवीचं नाव घातलं की भांडण मिटतं, कारण देवीशी भांडणार कोण? तेव्हा घरही वाघजाईच्या नावावर! सदा गुरवानं कौल लावला, उजवं फूल पडलं म्हणजे देवीचा होकार आला, नारळ फुटला. सोनाबाईनंही विहिरीवरून हात जोडले. तिला त्या घटकेला एकही शंका आली नाही, ह्याचं तिला पुढं फार नवल वाटायचं.

दोन दिवसांनी बैलगाडीत गवताची गादी करून आवडाबाईला अलिबागेला नेलं. तिला सावरायला सोनाबाई, दस्तावर बोलायला धर्माजी, आणि देवीच्या वतीनं सदा गुरव. कचेरीच्या जवळ नागावकर वकिलांची बैठक होती. वकील चाळिशीचे, अंगानं बारीक आणि स्वभावानं बोलके. त्यांना अशील पुष्कळ मिळायचे, पण त्यांचं बोलणं आवडीनं ऐकणारं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं. ते त्या दिवशी मिळालं.

वकिलांनी आधी आवडाबाईला विचारलं, "आजी, घर नवऱ्याकडून आलेलं की तुमच्या कमाईचं?"

"माझ्या पगाराचं." आवडाबाईनं पदराची गाठ सोडून गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि गवंड्याच्या पावत्या पुढं केल्या.

"मग झकास. नवऱ्याची मिळकत असती तर विधवेला ती अशी देऊन टाकता आली नसती, पुतण्यानं अडवलं असतं. हे तुमचं स्त्रीधन. हवं त्याला द्या." त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. घर, परसू, नारळाची सात झाडं, सगळं श्री वाघजाई देवीच्या नावे बक्षीस.

सोनाबाई खाली बसली होती. तिला आता राहवेना. "वकीलसाहेब, इचारू का?"

धर्माजीनं कपाळाला हात लावला.

"देवी घर घेनार कशी? ती काय अंगठा लावनार हाय?"

"कायदा म्हणतो देवीला मिळकत धरता येते," वकील म्हणाले. "तिच्या नावानं जमीन असते, ती कोर्टात दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. फक्त तिच्या वतीनं कारभार दुसऱ्यानं बघायचा. कायद्याच्या नजरेत देवी कायमची अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलासारखी."

"आमची वाघजाई? अज्ञान?" सदा गुरव ताडकन उठला. "साहेब, चारशे वरसं गाव राखतेय ती!"

"राखू दे रे बाबा. ते गावात. कोर्टात ती अज्ञान."

सोनाबाईला हसू आलं, आणि मजाही वाटली. देवीला पालक लागतो, हे तिला नवीनच होतं. तिनं पुढं विचारलं, "म्हंजे नाव नुसतं लिवायला न्हाय? घर खरंच देवीचं होतंय?"

"खरंच म्हणजे? शाई वाळली की ती मालकीण. मग गावालाही परत घेता येणार नाही, आजींनाही नाही. ते घर देवीच्याच कामाला लागायचं. पूजा, नैवेद्य, उत्सव."

 हे ऐकून सोनाबाई हळूच सदाकडं वळली. ह्या सदाच्या आईचं बाळंतपण तिनंच केलेलं, हा पायाळू आलेला. "सदा, एक सांग. देवीच्या घरात बाळंतीन चालंल का रं?"

 बाळंतिणीचा विटाळ, सुवेर, माळखारात दहा दिवस कडक पाळायचे. सुवेर असलेल्या घरचा माणूससुद्धा त्या दिवसांत देवळाची पायरी चढत नसे. आणि इथं देवीच्या मालकीच्या घरात खुद्द बाळंतपण?

"न्हाय गो बाय," सदा पुटपुटला. "देवीच्या उंबऱ्याआत इटाळ? मला गाव ठेवील का?"

"आरं मंग कौल लावलास तवा कुठं गेलता तुझा इटाळ?" धर्माजी कडाडला.

"कौल 'देऊ का' म्हनून लावला. 'कशाला' म्हनून कुनी इचारलंच न्हाय!"

अहो, घरटी एक माणूस बसला होता, दाढ्यामिशावाले चाळीस बाप्ये! चाळिसातल्या एकालाही सुचलं नाही, की बाळंतघर देवीला दिलं तर त्यात बाळंतीण जाऊच शकणार नाही. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, त्यांच्यापैकी कुणी त्या माजघरात दहा दिवस झोपलं नव्हतं. आवडाबाई गवताच्या गादीवरून हे ऐकत होती. "दोन घटका मागं आंगठा लावून बसले असते गो सोना," ती म्हणाली.

"मग गावाच्या नावावर करा," धर्माजी म्हणाला.

"गाव कोण?" वकील म्हणाले. "गावाचा अंगठा आणा, करतो."

 तेवढ्यात बाहेरच्या ओसरीवरून आवाज आला. चांगदेव! तळ्याहून तोही आला होता, कुणीतरी कळवलंच असणार. दारात उभा राहून म्हणाला, "करा काय कागद करायचा तो. काकी मेल्यावर कोर्टात फाडून दाखवतो," आणि खांबाला टेकून बिडी पेटवली.

वकिलांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि सोनाबाईला सांगायला लागले. धर्माजीला नाही, सदाला नाही, सोनाबाईला. विचारणारी तीच होती ना! "बाई, अजून एक वाट आहे. ट्रस्ट. दोनतीन माणसं पंच म्हणून नेमायची, ट्रस्टी. घर त्यांच्या नावावर चढेल, पण त्यांचं होणार नाही."

"नावावर, पन त्यांचं न्हाय? ते कसं?"

"दस्तातच लिहायचं, घर कशासाठी आहे. ह्यांनी ते त्याच कामासाठी सांभाळायचं. विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, मुलाबाळांना ठेवायचं नाही. एक पंच मेला की उरलेल्यांनी दुसरा नेमायचा. त्याच्या मुलाला त्यातलं कौलसुद्धा मिळणार नाही."

"आन कुनासाठी म्हनून लिवायचं?"

"कुणबी बायकांसाठी," धर्माजी मध्येच म्हणाला. "घर कुनब्याचं हाय."

"एका भावकीपुरतं, घराण्यापुरतं केलंत तर तो धर्मादाय होत नाही," वकील म्हणाले. "सगळ्यांसाठी खुलं ठेवाल तितका कागद पक्का. आणि इन्कम-टॅक्सचाही प्रश्न आहे. गेल्या साली सरकारनं मर्यादा खाली आणली, हजारावर मिळकत गेली की कर. तुमचं नारळवाल्याचं भाडं कुठलं तिथवर पोचतंय! पण उद्या कुणा मुंबईकरानं बाळंतघराला चाळ दिली तर? सगळ्यांसाठी असलेल्या धर्मादायाच्या मिळकतीवर तो कर नाही. अट एकच, पै न् पै त्याच कामात गेली पाहिजे."

"मंग घरपट्टी?"

"ती भरायची. ती कुणालाही चुकत नाही."

"आन उद्या बाया बाळंत व्हायच्याच थांबल्या तर? घर कुनाचं?"

वकील खो खो हसले. "तसं झालं तर कोर्ट त्याच्याजवळचं दुसरं काम ठरवून देईल. आजारी बायका, लहान मुलं, असं काही. पण घर पुन्हा कुणा एकाचं व्हायचं नाही. एकदा दिलं ते दिलं."

सोनाबाईला हे इतकं आवडलं, की ती पडवी विसरली, चांगदेव विसरली. कुणाच्याच मालकीचं नसलेलं, पण तरी कुणालाच पळवता न येणारं घर! तिला वाटलं, हे कुणी शोधून काढलं असेल? त्या माणसाला भेटून विचारायला हवं.

"लिवा तर मंग," धर्माजी म्हणाला. "पंच मी, ह्यो सदा, आन तिसरा अंबाजी."

"तिसरी सोना," आवडाबाई डोळे मिटूनच म्हणाली.

बैठकीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. बाई? पंच? धर्माजीनं वकिलांकडं पाहिलं. त्याला वाटलं, कायदाच नाही म्हणेल आणि आपण वाईट ठरायचे वाचू. पण वकील म्हणाले, "कायद्याची काही हरकत नाही. सज्ञान असली, शहाणी असली म्हणजे पुरे." आणि मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही राहता कुठं?"

"त्याच घराच्या पडवीत."

"भाडं?"

"कसलं भाडं! आक्कानं ठेवलंय."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. "मग एक ठरवावं लागेल. आजींना वाटलं तर दस्तात लिहिता येईल, की सोनाबाईनं हयात असेपर्यंत पडवीत राहावं. कुणी तुम्हाला काढू शकणार नाही. पण मग तुम्ही पंच होऊ नका. पंचानं ट्रस्टच्या मिळकतीतून स्वतःचा फायदा करायचा नसतो. हा पहिला नियम."

"मी भाडं दिलं तर?"

"भाडं मागणार कोण? पंच. देणार कोण? पंच. किती, हे ठरवणार कोण? तुम्हीच. ह्या हातानं त्या हाताला द्यायचं, ह्याला कोण भाडं म्हणेल?" त्यांनी ओसरीकडं मान वळवली. "तो बाहेर बिडी ओढतोय ना, तो कोर्टात एवढंच सांगेल. साहेब, धर्मादाय नावाचा, सुइणीनं म्हातारीला फसवून घर लाटलंय, बघा, स्वतःच राहतेय. दस्त टिकेल की नाही, मी सांगू शकणार नाही."

"सोना, पडवी घे," धर्माजी घाईनं म्हणाला. "हयातभराची सोय होतेय. पंचाचं आमी बघतो. काय रं सदा?"

 सोनाबाईची पन्नाशी उलटली होती. पोर ना बाळ, दीर तोंड बघत नव्हते. एकोणीस वर्षांत ती पडवी तिनं कितीदा सारवली होती, भिंतीत खुंट्या ठोकल्या होत्या, कोपऱ्यात कोंबडी बसवली होती. आणि आता पहिल्यांदाच कुणीतरी सरकारी कागदावर लिहून देत होतं, की तुला इथून कुणी काढणार नाही. तिला ते हवं होतं. फार हवं होतं.

 मग ती सदाकडं वळून म्हणाली, "सदा, देवीची आन घालून सांग. शिमग्याला पालखी बाळंतघरावरनं जाते. समज, त्या दिशी आत दोन दिसांची बाळंतीन हाय, आन पंच तू हायस. काय करशील?"

सदा सरळ माणूस. खोटं त्याला जमत नसे. खाली बघून म्हणाला, "पालखीपुरतं हलवू तिला."

"कुठं?"

सदाला कुठं ते सांगता येईना. 

"माजं नाव घाला, वकीलसाहेब," ती म्हणाली. "पडवीचं काय लिवू नका."

आवडाबाई रडायला लागली. "आगं, माजं घर गावाला देता देता तुला उघडी करते का गो मी?"

"गप आक्का, आंगठा हलंल," सोनाबाई म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते, पण म्हातारीचा हात तिनं पक्का धरला.

तिसरा प्रहर झाला तेव्हा सब-रजिस्ट्रारपुढं दस्त झाला. साहेबांनी आवडाबाईला विचारलं, राजीखुशीनं देता का? कुणाचा जुलूम? ती म्हणाली, "पगार माजा, घर माजं, खुशी माजी." मरेपर्यंत माजघरात राहायचा हक्क तेवढा तिनं ठेवला. पंच तीन: धर्माजी, सदा, सोनाबाई. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही गावच्या बाळंतिणीसाठी. चांगदेव कचेरीच्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता. "पंचीनबाई," तो सोनाबाईला म्हणाला, "पडवीत बघाया येनार हाय मी. साक्षीदार घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाईनं धर्माजीला आणि सदाला बोलावून घेतलं, पडवीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "आपुन तिघं पंच. घरात एक बाय फुकट राहतेय. तिचं काय करायचं?"

"सोना, चेष्टा करू नको," धर्माजी म्हणाला. "राहा गो. कोन इचारतंय?"

"तू म्हनतोस राहू दे. सदा?"

"राहू दे," सदा म्हणाला. आदल्या दिवसापासून तो तिच्याकडं नीट बघतच नव्हता.

"दोन मतं राहू दे. बरं. पन मी तिसरी पंच, आन मला म्हाईत हाय, ती बाय काल रातीच गाठोडं बांधून बसलीय." तिनं आत जाऊन गाठोडं डोक्यावर घेतलं, कोंबडी काखोटीला मारली. माजघरातून आवडाबाईचं रडणं ऐकू येत होतं. जाताना सोनाबाईनं तिला दारातूनच सांगितलं, "दिसभर हितंच हाय मी आक्का, तुझं सगळं करीन. निजायला तेवढी जाईन."

धर्माजीच्या बायकोनं, रंगूनं, गोठ्याला लागून असलेली जागा तिला मोकळी करून दिली. धर्माजीला न विचारताच, हेही सांगून ठेवतो. पुढं मरेपर्यंत सोनाबाई तिथंच राहिली, सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत शिमग्याच्या दिवशी बाळंतघरात तीनदा बाळंतीण होती आणि तिन्ही वेळा पालखी शेताच्या बांधावरून वळवून नेली. सदानं थोडी कुरकुर केली, मग स्वतःच वाट साफ करायला पुढं झाला. पण ते पुढचं. आधी चांगदेवाचं राहिलंय.

आवडाबाई गेली ती दस्तानंतर अकराव्या दिवशी, दुपारी, सोनाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून. सोनाबाई तोंडात पदर कोंबून रडली, कारण पलीकडं खिडकीशी एक बाळंतीण नुकतीच झोपली होती. आणि दिवसकार्य आटपल्याच्या दुसऱ्याच दिवशी चांगदेव आला. सांगितल्याप्रमाणे दोन साक्षीदार घेऊन.

तो आधी मागच्या दारी गेला. पडवी सारवलेली, मोकळी. एका दोरीवर बाळाची धडुती वाळत होती, बाकी काही नाही. साक्षीदार एकमेकांकडं बघायला लागले. चांगदेवानं खिडकीतून आत डोकावून बाळंतिणीला विचारलं, "हितं राहतं कोन?" ती म्हणाली, "मी. दहा दिसांसाठी." "आन सोनाबाय?" तिनं धर्माजीच्या गोठ्याकडं बोट दाखवलं.

चांगदेव गोठ्यापाशी आला. उन्हं तापली होती. म्हशी बाहेर चरायला गेल्या होत्या, माशा घोंघावत होत्या, आणि कुडाच्या आडोशाला दोन हात जागेत सोनाबाई तांदूळ निवडत बसली होती. बाजूला गाठोडं, चुलीचे तीन दगड, कोंबडी. त्यानं ते सगळं पाहिलं. मग साक्षीदारांना जरा लांब थांबायला सांगून तो खाली बसला. सोनाबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला.

"काकी तुला हयातभर पडवी लिवून देत व्हती म्हनं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता तो ताठा नव्हता, खरोखरच त्याला समजत नव्हतं. "कागदावर. तू घेतली न्हाईस?"

"न्हाय घेतली."

"येडी का काय तू? का न्हाय घेतलीस?"

सोनाबाईनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "घेतली आसती तर पंच होता आलं नसतं. पंच होऊनपन तिथं राहिले आसते, तर आज तू मला भाईर काढायला आला आसतास, आन माज्यामागं त्या पोरीलापन," ती म्हणाली. "आता बोल, कुनाला काढतोस?"

 चांगदेव तांब्या खाली ठेवून उठला, आणि साक्षीदारांना हाक न मारताच नागावच्या रस्त्याला लागला.